पडद्यावरचा शाहीर आणि तुरुंगातला शाहीर

महाराष्ट्र सरकारने ३१ जानेवारी २०२३ रोजी ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताला राज्यगीताचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीपासून तो अमलात आणला. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची. परंतु हे गीत मराठी माणसाच्या कानी बसले ते सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या पसरणी गावच्या कृष्णराव साबळे यांच्या आवाजात. त्याच वर्षी २८ एप्रिलला त्यांच्या जीवनावरील ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट पडद्यावर आला. आणि त्याच एप्रिल महिन्यात राज मुंगासे या तरुण रॅपरवर, आमदारांच्या पक्षांतराची खिल्ली उडविणारे गाणे रचल्याबद्दल, सत्ताधारी पक्षाच्या एका पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदविण्यात आला. मुंबईच्या उमेश खाडे या दुसऱ्या रॅपरलाही जनतेच्या हालअपेष्टांवरील गाण्यापायी पोलिसांच्या चौकशीला तोंड द्यावे लागले. एका शाहिराचा आवाज राज्याचे भूषण ठरला आणि दुसऱ्या दोघांचा आवाज गुन्ह्याचा पुरावा!

यात विसंगती आहे असे ज्यांना वाटते त्यांनी राज्यकर्त्यांना नीट ओळखलेले नाही. राज्यकर्त्यांना शाहीर हवा असतो. पण तो गेल्यानंतर, फेट्यात, फुलांच्या हारात किंवा चित्रपटाच्या पडद्यावर. चौकात उभा राहून आजच्या मंत्र्याचे नाव घेणारा शाहीर त्यांना कधीच नको होता. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा इतिहास याची साक्ष देतो.

हे जिल्हे आज दोन असले तरी त्यांची माती एक आहे. १९४९ मध्ये सातारा विभागून दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथे प्रति सरकार चालले. त्याला ना छापखाना होता ना आकाशवाणी. गावोगाव निरोप पोचविण्याचे काम शाहीर निकमांसारख्यांच्या कवनांनी केले. डफावरची थाप हीच त्या सरकारची दवंडी होती. ब्रिटिशांना या कवनांची भीती वाटली यात नवल नाही. नवल हे की स्वातंत्र्यानंतर आलेल्या राज्यकर्त्यांनी ती भीती जशीच्या तशी वारशाने घेतली.

वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांचे उदाहरण पाहावे. मांगवाड्यातून निघून मुंबईच्या गिरणीत पोचलेल्या या माणसाने १९४३ मध्ये स्तालिनग्राडचा पोवाडा रचला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. गण, गवळण, बतावणी आणि वग या तमाशाच्या जुन्या सांगाड्यात त्यांनी सावकार, शेटजी आणि पुढारी आणून उभे केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या काँग्रेस सरकारने या कलापथकावर बंदी घातली. तमाशा अश्लील आहे, असा सोवळा आक्षेप त्या काळी घेतला जात असे. वस्तुतः शेटजीच्या निवडणुकीवर रचलेला वग ऐकून मजूर हसू लागला होता, हेच खरे दुखणे होते. मजूर एकदा शेटजीला हसला की त्याचे भय संपते.

त्याच अण्णाभाऊंच्या कथा-कादंबऱ्यांवर पुढे ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ असे चित्रपट निघाले. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले ते गोरेगावात, दारिद्र्यात. गेल्यानंतर मात्र सरकारी कृपेला भरती आली. त्यांच्या नावाने आर्थिक विकास महामंडळ निघाले, आणि त्याच महामंडळाच्या माजी अध्यक्षाला कोट्यवधी रुपयांच्या अपहाराच्या आरोपाखाली २०१५ मध्ये अटक झाली. २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्को येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, ते देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते. हेच फडणवीस राज्याचे गृहमंत्री असताना, सात महिन्यांच्या आत, गाण्यांवरून रॅपर तरुणांच्या मागे पोलीस लागले. लाल बावट्याच्या शाहिराला मॉस्कोत हार आणि त्याच्या वंशजांना महाराष्ट्रात समन्स, असा हा न्याय आहे.

शाहीर साबळे यांचा मार्ग वेगळा होता. म्हणूनच तो अधिक बारकाईने तपासला पाहिजे. ३ सप्टेंबर १९२३ रोजी पसरणीत जन्मलेल्या या मुलाला अमळनेरला शिकत असताना साने गुरुजींचा सहवास लाभला. दलितांच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न त्यांनी आपल्याच गावच्या भैरवनाथाच्या दारात लढविला. त्यांची शाहिरी घडली ती या वातावरणात. पुढे मुंबईत त्यांनी मुक्तनाट्य उभे केले आणि पोवाडा गाणारा शाहीर रंगमंचावर नट झाला. ‘यमराज्यात एक रात्र’, ‘असुनी खास मालक घरचा’, ‘बापाचा बाप’, ‘आंधळं दळतंय’ ही त्यांच्या मुक्तनाट्यांची नावेच त्यांचा रोख सांगतात.

शाहिराने नट होणे म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. मुक्तनाट्याचे बळ बतावणीत असते. नट आपल्या सोंगातून क्षणभर बाहेर येतो, समोर बसलेल्या माणसाशी बोलतो, आणि सकाळी वर्तमानपत्रात आलेली मंत्र्याची घोषणा त्याच रात्री उलटी करून दाखवितो. संहितेत हे वाक्य लिहिलेले नसते. त्यामुळे परीनिरीक्षण मंडळाला ते आधी तपासता येत नाही. सत्तेला खटकते ते हेच. चित्रपटाचे तसे नसते. तो एकदा प्रमाणित झाला की त्यातला शाहीर ठरलेलेच शब्द बोलतो आणि ठरलेल्या जागीच रागावतो. पडद्यावरच्या शाहिराला आजच्या सकाळची बातमी ठाऊक नसते. तो कितीही तळमळीने गायला तरी कोणत्याही आमदाराची झोप उडत नाही.

‘आंधळं दळतंय’ची कहाणी तर कार्यकर्त्यांनी वारंवार आठवावी अशी आहे. १९६६ च्या सुमारास या मुक्तनाट्याने मुंबईतील बेकार मराठी तरुणाची व्यथा रंगमंचावर मांडली. व्यथा खरी होती. तिचे उत्तर गिरणीमालकांकडे आणि सरकारकडे मागावयाचे होते. परंतु त्याच वर्षी स्थापन झालेल्या शिवसेनेने त्या संतापाचे तोंड दाक्षिणात्य कारकुनाकडे आणि उडुप्याच्या हॉटेलाकडे वळविले. साबळे काही काळ त्या संघटनेबरोबर होते, पुढे दूर झाले. शाहीर राग जागा करतो. त्या रागाला दिशा देण्याचे काम संघटनेचे असते. समाजवादी आणि साम्यवादी चळवळ तेथे अपुरी पडली आणि जागा दुसऱ्याने घेतली. दोष शाहिराच्या माथी मारून हा हिशेब मिटणार नाही.

पुढे साबळे यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ उभी केली. कोळीगीत, वासुदेव, गोंधळ, भारूड हे सारे वैभव नव्या पिढीसमोर आणण्याचे मोठे काम या कार्यक्रमाने केले. अंकुश चौधरी, भरत जाधव यांच्यासारखे नट याच तालमीत घडले. १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे श्रेय निर्विवाद आहे. नातू केदार शिंदे यांनी आजोबांवर चित्रपट काढावा यातही गैर काही नाही. प्रश्न सरकार काय निवडते हा आहे. साबळे यांच्या साऱ्या कारकिर्दीतून सरकारने उचलले ते एक गौरवगीत. बतावणीतला प्रश्नकर्ता साबळे कोणत्याही शासकीय समारंभात वाजविला जात नाही. गौरव गाणारा गळा तेवढा राज्याचा, आणि प्रश्न विचारणारा गळा मात्र बेवारस!

या ढोंगाचा कळस २०१५ मध्ये दिसला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाला त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराला त्याच्या गाण्यावरून तुरुंगात टाकले जाते, ही त्याची कथा. ती भूमिका केली नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी. चित्रपटातील शाहिराला दिल्लीत सुवर्णकमळ मिळत असताना कबीर कला मंचाचे सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर हे हाडामांसाचे शाहीर तुरुंगात होते. २०१३ मध्ये आत गेलेल्या या तिघांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला तो जानेवारी २०१७ मध्ये. गोरखे आणि गायचोर यांना २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा अटक झाली. कथेतील अन्यायाला पारितोषिक देणारे सरकार प्रत्यक्षातील अन्याय चालूच ठेवते, इतकेच नव्हे तर त्या पारितोषिकाचा पडदा करून त्यामागे तो लपविते.

यावर संस्कृतिरक्षकांचा एक आक्षेप ठरलेला असतो. रॅप ही अमेरिकेची थेरं आहेत, तिची भाषा शिवराळ आहे, शाहिरीशी तिचे नाते जोडणे हा पोवाड्याचा अपमान आहे, असे ते म्हणतात. या मंडळींना शाहिरीचा इतिहास ठाऊक नाही. रॅप जन्माला आला तो १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, काळ्या आणि पोर्तोरिकन गरिबांच्या वस्तीत. तालावर बोललेले यमकबद्ध शब्द आणि दोन गड्यांची सर्वांसमक्ष जुगलबंदी हे त्याचे स्वरूप. कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब रात्ररात्र ऐकलेल्या सांगली-साताऱ्याच्या माणसाला यात परके काय वाटावे? आणि शिवराळपणाचे म्हणाल, तर वाळवे तालुक्यातीलच रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्णी यांनी पठ्ठे बापूराव होऊन तमाशाचा फड धरला, तेव्हा भटाने कुळ बुडविले अशीच ओरड झाली होती. तेच बापूराव १९४५ मध्ये हलाखीत वारले, आणि १९५० मध्ये त्यांच्यावरही चित्रपट निघाला. क्रम तोच : आधी बहिष्कार, मग उपासमार, मग चित्रपट.

हा क्रम केवळ महाराष्ट्राचा नाही. आइस-टी या अमेरिकन रॅपरने १९९२ मध्ये पोलिसांच्या जुलमावर आपल्या वाद्यवृंदासह गायिलेल्या गाण्याने राष्ट्राध्यक्षांपर्यंत खळबळ उडाली आणि ते गाणे मागे घ्यावे लागले. हाच गायक २००० सालापासून दूरचित्रवाणीच्या मालिकेत पोलीस अधिकाऱ्याची भूमिका करीत आला आहे. भांडवलशाहीला विद्रोह्याचा गळा दाबण्यापेक्षा त्याला गणवेश चढविणे स्वस्त पडते. पण म्हणून पडदाच पापी, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. अमर शेख ‘प्रपंच’ मध्ये नट म्हणून उभे राहिले तेव्हा त्यांच्यातला शाहीर मेला नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेल्या निळू फुले यांनी ‘सामना’त साखरसम्राट रंगविला तो साखरपट्ट्याला आरसा दाखविण्यासाठी. पुढे सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू यांच्यासह त्यांनी गावोगाव प्रयोग केले आणि तो पैसा पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी उभा केला. नट झालेला शाहीर चळवळीला धरून राहू शकतो. अट एवढीच, की चळवळीनेही त्याला धरून ठेवले पाहिजे.

नेमके येथेच पुरोगामी पक्षांना जाब द्यावा लागेल. आज त्यांच्या सभेत शाहिराला वेळ मिळतो तो नेत्याची मोटार येईपर्यंत. मोटार आली की पोवाडा अर्ध्यावर तुटतो. साने गुरुजी १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी महाराष्ट्रभर फिरले तेव्हा कलापथक त्यांच्या दौऱ्याचा प्राण होते. आज कलापथक नाही, तालीम नाही, आणि एखाद्या पोराने खिशातल्या दूरध्वनीवर गाणे चित्रित करून हजारो घरांत पोचविले की पोलीस त्याच्या दारात जाईपर्यंत पक्षाला त्याचे नावही ठाऊक नसते.

विषय उशाशी पडलेले आहेत. कोयना धरणाने उठविलेल्या गावांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही सुटलेले नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून माणसे बुडाली. ऊसतोड मजूर दर हंगामात कोप्यांत राहतो आणि साखरेचा हिशेब कारखान्याच्या गादीवर होतो. यांवर आज गाणारी पोरे याच जिल्ह्यांच्या वाड्यावस्त्यांत आहेत. १ ऑगस्टला वाटेगावात आणि ३ सप्टेंबरला पसरणीत हार घालून परतण्याऐवजी त्या दिवशी या पोरांना व्यासपीठ द्यावे, आणि गुन्हा नोंदविला गेला तर वकील आणि जामीनदार पक्षाने उभे करावेत. पुतळ्याला सावलीची गरज नसते. उन्हात गाणाऱ्याला असते.

राज्यगीत शाळाशाळांतून गायिले जावे, त्याला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ज्या महाराष्ट्राचा जयजयकार त्यात आहे तो महाराष्ट्र सत्तेला सवाल करणाऱ्यांनी घडविला. सवाल करणाऱ्याला कोठडी दाखवून जयजयकार गाणाऱ्यांनी, आपण कोणाच्या गळ्याने गात आहोत, हे एकदा तपासून पाहावे.