भाऊजी, जपमाळ नको, सेल आणा!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. कारण राग आला आहे. राग आल्याशिवाय माझ्या हातून लिहून होत नाही, हे माझ्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच!

गेल्या दिवाळीत पाडव्याला आमच्या सांगलीच्या घरी सगळे जमले होते. जेवणं झाली. पुरुषमंडळी पुढच्या खोलीत रमीचा डाव मांडून बसली, सुना-लेकी आवराआवर करत होत्या. मला गुडघ्याच्या कृपेने आवरण्यातून सुट्टी मिळाली होती. मी मागच्या पडवीत उजेडाला खुर्ची टाकली, पिशवीतून माझा गेम बॉय काढला आणि टेट्रिस लावलं. आठव्या-नवव्या लेव्हलला रंगात आले होते. तेवढ्यात धाकटे दीर पाणी प्यायला आत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, सत्तरी ओलांडलीत. आता या हातात जपमाळ शोभते. हे काय पोरासोरांचं खेळणं घेऊन बसलात!"

सगळे हसले. मीही हसले. ३३ वर्षं वर्गात मुलांना गप्प केलं, पण घरच्या माणसांपुढे उत्तर वेळेवर सुचत नाही. ते रात्री अंथरुणावर सुचतं. तर भाऊजी, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे. उत्तर इथे देते.

आधी न खेळलेल्यांसाठी थोडं सांगते. टेट्रिस हा खेळ मॉस्कोच्या अलेक्सेइ पाजित्नोव यांनी १९८४ साली तयार केला. ते तिथल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करत. चार-चार चौकोन जोडून जेवढे वेगवेगळे आकार होतात, ते म्हणजे काठी, पेटी, टी, दोन एल आणि दोन नागमोडी, असे एकूण सात. ते एकेक करून वरून पडत राहतात. आपण ते फिरवायचे, सरकवायचे आणि खाली नीट बसवायचे. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. फट राहिली की ओळ तशीच राहते आणि तिच्यावर पुढचं बांधकाम चढत जातं. गवंड्याच्या उलट काम आहे म्हणा ना! गवंड्याची भिंत उभी राहिली की तो जिंकला, आपली उभी राहिली की आपण हरलो.

१९८९ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने गेम बॉय नावाचं हातात मावणारं यंत्र काढलं आणि अमेरिकेत ते विकताना टेट्रिस त्याच्यासोबतच दिलं. माझ्याकडे आहे ते हेच जुनं यंत्र, भाच्याने न्यूजर्सीहून येताना आणलेलं. चार पेन्सिल सेल लागतात. पडद्याला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे खिडकीशी नाहीतर दिव्याखाली बसावं लागतं. दर दहा ओळींना वेग वाढतो. एक ओळ घालवली तर सुरुवातीला ४० गुण मिळतात, पण काठी वापरून चार ओळी एकदम घालवल्या तर १२००. म्हणून एका कडेला उभी फट मोकळी ठेवायची आणि काठीची वाट बघत बसायचं. काठी नेमकी तेव्हाच येत नाही. भिंत वर चढत जाते, हाताला घाम येतो, आणि "आता लोभ पुरे, दोन ओळींवर समाधान मान" असं मन सांगत असताना आपण अजून एक तुकडा थांबतो... खेळून बघा, मग कळेल.

आता मुद्द्यावर येते.

पहिला मुद्दा, वय. पुढच्या खोलीत बसलेले पाचही जण साठीच्या पुढचे होते. त्यांच्या हातात तेरा-तेरा पानं होती आणि मध्ये पैशांची ढिगली होती. त्यांना कुणी जपमाळ आणून दिली नाही. उलट दोनदा चहा नेऊन दिला, त्यातला एकदा मीच. म्हणजे अडचण खेळण्याची नाही आणि वयाचीही नाही. बाईमाणूस एकटं बसून, कुणाच्या उपयोगी न पडता, स्वतःच्या आनंदासाठी काही करतंय, ही खरी अडचण आहे. बाईने विणकाम करावं, त्यातून स्वेटर निघतो. वाती वळाव्यात, त्या देवाला लागतात. तासभर बसून जिच्या हातून काहीच निघालं नाही अशी बाई दिसली, की घरात काहीतरी बिघडलंय असं सगळ्यांना वाटू लागतं.

माझी आजी सागरगोटे खेळायची. पाच गोटे, एक वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत बाकीचे उचलायचे. साठीतही तिचा हात असा चालायचा की आम्हा नातींना गोटे दिसायचेच नाहीत. पण आजोबांची चाहूल लागली की गोटे पदराखाली जायचे. वरून पडणारी वस्तू वेळेत सावरायची, हा खेळ आमच्या घरात मी आणलेला नाही. मी फक्त तो पदराखाली लपवत नाही, इतकाच फरक.

आणि जपमाळेचं म्हणाल, तर जप जपाच्या जागी आहे. सकाळी माझा हरिपाठ होतो, त्याची बरोबरी मी या यंत्राशी करत नाही. पण म्हातारपणी माणसाने फक्त वरच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसावं, ही कल्पना मला मान्य नाही. गाडी यायची तेव्हा येईल. तोवर बाकावर बसून काय करायचं ते माझं मी ठरवीन.

दुसरा मुद्दा माझ्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी. त्या दिवशी माझी लेक मदतीला धावली. "काका, अहो त्याने मेंदूला व्यायाम होतो!" बाळे, तुझा हेतू चांगला, पण असली वकिली मला नको. या खेळावर अभ्यास झाले आहेत हे खरं. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली दाखवलं, की दिवसा टेट्रिस खेळलेल्या लोकांना झोप लागता लागता तुकडे पडताना दिसतात. ज्यांना स्मृतिभ्रंशामुळे आपण खेळलो हेही आठवत नव्हतं, त्यांच्यापैकी काहींनासुद्धा ते दिसले! मलाही दिसतात. पण म्हणून मी हुशार झाले असा माझा दावा नाही. चष्मा कुठे ठेवला हे मला अजून आठवत नाही. आनंदाला औषधाची चिठ्ठी लागते, हाच विचार मला चुकीचा वाटतो. आंबा आपण त्यात जीवनसत्त्व आहे म्हणून खातो का?

तिसरा मुद्दा, व्यसन. हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. खेळता खेळता माझं दूध दोनदा उतू गेलं आहे, एकदा तर पातेलंच करपलं. पण व्यसनाबद्दल बोलायचं तर सरळ बोलू या. मोबाइलवरचे ते फुकट खेळ बघा. नातवाच्या मोबाइलवर मी रंगीत गोळ्या जुळवण्याचा एक खेळून पाहिला. पाच वेळा हरले तर म्हणे आता थांबा, नाहीतर पैसे भरा. मध्येच जाहिरात. दोन दिवस उघडला नाही तर "तुमची आठवण येते" असा निरोप! तिथे माणसालाच गिऱ्हाईक करून ठेवलं आहे. माझ्या या यंत्राला इंटरनेट नाही. ते मला बोलावत नाही, काही विकत नाही, मी किती खेळले हे कुणाला कळवत नाही. डाव संपला की संपला असं सांगतं आणि गप्प बसतं. रागवायचंच असेल तर त्या दुसऱ्या प्रकारावर रागवा. आणि ज्यांचा हात दिवसभर त्याच मोबाइलवर असतो, सकाळी सहाला सुप्रभातची फुलं पाठवून झाल्याशिवाय ज्यांचा चहा होत नाही, त्यांनी मला व्यसनाबद्दल शिकवू नये. (नाव घेत नाही!)

इथवर लिहून थांबले असते तर बरं झालं असतं. पण मग लिखाण खोटं ठरलं असतं.

जानेवारी २०२४ मध्ये एक बातमी वाचली होती. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या विलिस गिब्सन या १३ वर्षांच्या मुलाने निन्टेन्डोच्या जुन्या, टीव्हीला जोडायच्या यंत्रावर टेट्रिस खेळत खेळत १५७वी लेव्हल गाठली आणि तिथे खेळच गोठला. तोवर तिथपर्यंत एकही माणूस पोचला नव्हता. डिसेंबर २०२३ मध्येच त्याचे वडील वारले होते, त्याने तो पराक्रम त्यांना अर्पण केला. आणि एका ब्रिटिश वृत्तवाहिनीवरच्या निवेदिकेने बातमी संपताना शेरा मारला, की बाळा, बाहेर जा, मोकळी हवा घे, हे काही आयुष्याचं ध्येय नव्हे. ते वाचून मी संतापले. म्हटलं, कोण ही बाई, कसला हिचा अधिकार!

आणि मग आठवलं, की ती बाई मीच आहे.

१९९७ साल. तेव्हा बाजारात ब्रिक गेम आले होते. हे टेट्रिसचंच स्वस्त भावंड. वर '९९९९ खेळ' असं छापलेलं, प्रत्यक्षात तेच थोडे खेळ वेग बदलून पुन्हा पुन्हा. सातवी 'ब'मधल्या एका मुलाने तो शाळेत आणला आणि इतिहासाच्या तासाला बाकाखाली खेळताना मला सापडला. मी तो काढून घेतला. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "अशाने तू आयुष्यात काही करणार नाहीस." आणि नियम सांगितला, की वडिलांना घेऊन ये, मगच मिळेल.

त्याचे वडील आखातात कामाला होते. दोन वर्षांनी एकदा यायचे. तो गेम त्यांनीच मागच्या खेपेला आणून दिला होता. हे मला वर्गशिक्षकांकडून महिन्याभराने कळलं. तरी मी म्हटलं, आईला पाठव. आई आली नाही, बहुधा घाबरली असावी. मुलाने दोनदा दाराशी येऊन नुसतं माझ्याकडे पाहिलं, बोलला काही नाही. मीही काही बोलले नाही. नियम तो नियम! पुढच्या वर्षी ते कुटुंब गाव सोडून गेलं.

त्या खेळण्यातले दोन सेल मी काढले आणि शिक्षकखोलीतल्या बंद पडलेल्या घड्याळात घातले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२००९ साली निवृत्त होताना खण रिकामा केला, तेव्हा तो तळाशी सापडला. घरी आणला, कुतूहल म्हणून नवे सेल घातले. चालू झाला. पहिल्या दिवशी रात्री अकरापर्यंत खेळले. 'हे' होते तेव्हा. म्हणाले, "जप्त केलेल्या मालाची एवढी आवड?" चेष्टाच होती ती, पण लागली. तुकडा हवेत आहे, क्षणभरात ठरवायचं आहे, चुकलं तर ते आपल्याच डोक्यावर चढणार आहे. मुलगा माझ्या तासाला दुर्लक्ष करत होता हे खरंच. पण त्याचं लक्ष जिथे होतं तिथे ते पुरेपूर होतं, आणि तेवढं लक्ष माझ्या पानिपताच्या लढाईने कुणाकडून कधी मिळवलं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

तास चालू असताना खेळणं काढून घेणं चूक नव्हतं, आजही घेईन. पण तास संपल्यावर ते परत द्यायला हवं होतं. "काही करणार नाहीस" हे तर म्हणायलाच नको होतं. भाऊजी, तुम्ही मला जे पडवीत म्हणालात तेच मी त्याला वर्गात म्हणाले. फरक एवढाच, की मी ब्लॉग लिहून उत्तर देऊ शकते. तो बारा वर्षांचा होता.

तो आज चाळिशीचा असेल. नाव लिहीत नाही, पण माझे जुने विद्यार्थी हे वाचतात, त्यातल्या कुणाला ओळख पटली तर त्याला एवढं सांगा, की बाईंकडे तुझी वस्तू आहे, चालू आहे, आणि ती न्यायला वडिलांना आणायची गरज नाही. दोन सेलही माझ्याकडे लागतात, तेही देईन.

बाकी भाऊजी, येत्या दिवाळीला या. रमीत मला घ्या, नाहीतर पडवीत येऊन एक डाव टेट्रिस खेळा. पाचव्या लेव्हलच्या पुढे गेलात तर जपमाळेचा विचार करीन.

असो. दूध ठेवलं आहे गॅसवर, बघायला हवं.