वारसा कर आणि आपला सातबारा



निवडणूक आली की एखादा शब्द गावात येतो आणि मतदान होऊन गेले तरी मुक्कामाला राहतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत असाच एक शब्द आला, 'वारसा कर'. एका पक्षाच्या परदेशस्थ पदाधिकाऱ्याने अमेरिकेतल्या अशा कराचा उल्लेख केला, विरुद्ध पक्षाने तो उचलला, आणि बाप मेला की जमीन सरकार घेणार अशी हूल उठली. ती हूल अजून पुरती विरलेली नाही. गट ऑफिसच्या ओट्यावर विषय निघाला की आपले सभासद दोन गोष्टी एका दमात बोलतात. पहिली, "बापानं कमावलं ते पोरानं घ्यायचं, सरकारचा त्यात काय संबंध?" आणि दुसरी, "तोडणी मजुरांच्या महामंडळाला टनामागं दहा रुपये आपण का म्हणून द्यायचे?" या दोन गोष्टींचे एकमेकींशी नाते आहे असे आम्हाला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच. (मत आमचे आहे, संचालक मंडळाचे नव्हे.)

वारसा कर आपल्या देशाला नवा नाही. १९५३ साली इस्टेट ड्यूटीचा कायदा झाला. लोक त्याला मृत्युकर म्हणत. वीस लाखांच्या वरच्या मिळकतीवर त्याचा दर चढत चढत ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. आता ८५ टक्के म्हटल्यावर तिजोरी ओसंडून वाहायला पाहिजे होती. प्रत्यक्षात १९८५ साली अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी तो कर रद्द केला, तेव्हा त्यांनी संसदेला सांगितले की उत्पन्न वर्षाला वीस कोटींच्या आसपास आहे आणि त्या मानाने वसुलीचा खर्च जास्त आहे. शिवाय त्याच मिळकतीवर संपत्ती कर आहेच, मग दुहेरी त्रास कशाला, असेही कारण त्यांनी दिले. बरे, पुढे २०१५ साली तो संपत्ती करही रद्द झाला. म्हणजे दुसरा आहे म्हणून पहिला काढला, आणि मग दुसराही काढून टाकला. मधल्या मध्ये १९९८ साली बक्षीस कर गेला तो वेगळाच. आज या देशात हजार कोटींचे शेअर बापाकडून मुलाकडे गेले तर त्या जाण्यावर एक पैचा कर नाही.

आता शेतकऱ्याकडे या. १९५५ साली आवडीच्या काँग्रेस अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला. तो समाजवाद खेड्यात आला तो कमाल जमीन धारणेच्या कायद्याच्या रूपाने. आपल्या राज्यात १९६१ चा कायदा झाला, १९७५ साली मर्यादा आणखी खाली आली. बारमाही पाण्याची बागायत १८ एकर, जिरायत ५४ एकर. त्यावरची जमीन सरकारजमा. आम्ही त्या कायद्याला नावे ठेवत नाही. त्यातून भूमिहीनाला जमीन मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे. पण शहरी जमिनीसाठीही १९७६ साली कमाल मर्यादेचा कायदा झाला होता, त्याचे काय झाले? २००७ साली आपल्या राज्याने तो गुंडाळला. शेतीवरची मर्यादा मात्र आजही जागेवर आहे. आणि कंपन्यांचे भाग, रोखे यांच्या धारणेला अशी कमाल मर्यादा तर कधी नव्हतीच. समाजवाद बांधापर्यंत आला आणि तिथेच बसला, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

दुसरे असे की शेतकऱ्याच्या घरात वारसा हाच एक कर आहे. तो सरकार घेत नाही, वाटणी घेते. शेतीगणनेचे आकडे पाहा. १९७०-७१ साली महाराष्ट्रात सरासरी खातेदाराकडे ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टर राहिली. आजोबाच्या एका फाळ्याचे चार फाळे, चारांत एक विहीर, आणि विहिरीच्या पाळीवरून कोर्टकचेरी. त्यातही सातबारा कोरा येत नाही. 'इतर हक्क'च्या रकान्यात सोसायटीचा बोजा बसलेला असतो, तोही वारसाच. ज्याच्या घरात वारशाने कर्ज येते त्याने वारसा कराच्या नावाने छाती बडवून घ्यावी, याचे आम्हाला नवल वाटते. अहो, ज्याचे पोट दुखायला पाहिजे तो स्वस्थ आहे आणि पाच एकरवाला ओवा शोधतो आहे!

तरीही भीती अगदीच अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. इंग्लंडात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तिथे वारसा कर ४० टक्के आहे, पण शेतीला मोठी सूट होती. ऑक्टोबर २०२४ च्या अंदाजपत्रकात सरकारने ती सूट आखडती घ्यायचे ठरवले. दहा लाख पौंडांच्या वरच्या शेतीवर निम्म्या दराने, म्हणजे २० टक्के कर. महिनाभरात शेतकरी लंडनच्या रस्त्यावर उतरले, पुढे ट्रॅक्टरही आणले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कागदावर जमिनीची किंमत कोटीत, पण वर्षाचे उत्पन्न जेमतेम. कर भरायचा तर जमीनच विकायची. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये सरकारला ती मर्यादा २५ लाख पौंडांपर्यंत वाढवावी लागली. जपानात वारसा कराचा वरचा दर ५५ टक्के आहे, पण वारस स्वतः शेती कसत राहिला तर शेतजमिनीवरचा कर पुढे ढकलायची सोय तिथे आहे. यातून एवढे दिसते की कर कोणावर आणि कशावर, हे कायद्यात नीट लिहिले तर कसणारा वाचतो, न लिहिले तर तोच आधी सापडतो.

आपल्याकडे तर राज्यघटनेनेच एक कुंपण घातले आहे. शेतजमीन सोडून इतर मालमत्तेवरची इस्टेट ड्यूटी हा केंद्राचा विषय, आणि शेतजमिनीवरची राज्याचा. सातव्या अनुसूचीत दोन वेगळ्या याद्यांत तसे लिहिलेले आहे. तेव्हा दिल्लीने उद्या वारसा कर आणलाच, तरी तुमच्या उसाच्या फडाला तो आपोआप लागत नाही. प्रचारसभेत हे कोणी सांगितले नाही.

आता दहा रुपयांकडे वळू. म्हातारा, विधवा, अपंग, मजूर यांना पडताना धरायला खाली काहीतरी जाळे असावे, हे आपल्यापैकी कोणी नाकारत नाही. प्रश्न असतो तो पैसे कोणी द्यायचे हा. या बाबतीत महाराष्ट्राने एकदा मोठे काम करून दाखवले आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूर गावात वि. स. पागे यांनी १९६५ साली मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. पागे त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडणाऱ्या बाया आपल्यातल्या वयस्कर सभासदांनी पाहिलेल्या आहेत, काहींच्या घरातल्याच त्या होत्या. त्यानंतर रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पण आमच्या मते पागे यांच्या योजनेचे खरे मर्म पैशात होते. व्यवसाय कर बसला, शहरातल्या पगारदाराच्या पगारातून तो दरमहा कापला जाऊ लागला. मोटारींवर, विक्रीकरावर जादा आकार आला. आणि बागायती जमिनीवरही उपकर बसला, म्हणजे आपल्यासारख्या ऊसवाल्यांनीही वाटा उचलला. जेवढे यातून जमेल तेवढेच सरकारने आपल्या पदरचे घालायचे. कर कशासाठी हे नावानिशी सांगितलेले होते. मुंबईच्या कारकुनाने कुरकुर केली असेल, पण त्याने दिले, आणि माण-खटावच्या माणसाला गाव न सोडता काम मिळाले. २००५ साली केंद्राने असाच कायदा देशभर केला, त्याच्या आधी कितीतरी वर्षे हे आपल्याकडे झाले होते.

त्या मानाने आजचे जाळे विरविरीत आहे. निराधार वृद्धाला राज्याकडून महिन्याला १५०० रुपये मिळतात. केंद्राचा वृद्धापकाळ पेन्शनचा हिस्सा ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्याला २०० रुपये, आणि तो आकडा कित्येक वर्षे तिथेच आहे. दोनशे रुपयांत महिन्याची रक्तदाबाची गोळी आणि चहापत्ती एवढेही भागत नाही. आणि हे पैसे तरी येतात कुठून? डिझेलवरच्या करातून, खताच्या पोत्यावरच्या जीएसटीतून, साबणाच्या वडीतून. म्हणजे तोडणीवाल्याच्या बायकोनेसुद्धा यात भर घातलेलीच आहे.

२०१९ साली गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. त्यासाठी गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढीच भर शासनाने, अशी व्यवस्था ठरली. कारखान्याचे म्हणजे फिरून आपलेच. शंभर टन ऊस घालणाऱ्याचे हजार रुपये झाले. ही रक्कम देऊ नये असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, की थळातल्या कोपीत कधी डोकावलात काय? नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घेतलेली. हंगामात ती फिटली नाही तर पुढच्या वर्षावर. बाप मेला तर कायद्याने पोराकडे वसूल करायला त्याने मागे ठेवलेले काहीच नसते, पण मुकादमाच्या वहीत पोराचे नाव लागते आणि पोरगा फडात उतरतो. वारसा म्हणतात तो हा. याच्यावर मात्र कोणी सभा घेत नाही.

तेव्हा दहा रुपये द्यावेत हे आमचे स्पष्ट मत आहे. पण त्याच वेळी हेही विचारले पाहिजे की, जाळ्याचा दोर ओढायला टनामागे दहा रुपयेवाला आणि साबणाची वडी घेणारी बाई एवढीच माणसे का? हजार कोटींचा वारस त्यात का नाही?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, वसुली होत नाही, मागे वीस कोटीच आले. तो काळ कागदी भागपत्रांचा आणि पेटीतल्या सोन्याचा होता. आज भाग डिमॅट खात्यात आहेत, खाते पॅनला जोडलेले आहे. मयताच्या नावावर मृत्यूच्या दिवशी काय होते याचा हिशोब, आपल्या काट्यावरच्या पावतीपेक्षा लवकर निघेल. मोठे लोक विश्वस्त संस्था काढून पळवाट काढतील हे खरे, आणि ती वाट बुजवणे सोपे नाही हेही आम्ही मान्य करतो. दुसरा आक्षेप शहरवाल्यांचा, की शेतकऱ्याच्या उत्पन्नाला आयकर नाही, तो कोणत्या तोंडाने दुसऱ्यावर कर मागतो? यात तथ्य नाही असे नाही. ज्यांचे पेट्रोल पंप आणि मंगल कार्यालये शेतीच्या सावलीत उभी आहेत त्यांनी या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे. पावणेदोन एकरवाल्याला मात्र उत्तर द्यायची गरज नाही. आयकर लागावा एवढे त्याचे उत्पन्नच नसते.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दहा रुपयांचा विषय कोणीतरी काढणारच. त्या वेळी आम्ही एक ठराव मांडणार आहोत. कसणाऱ्याची शेतजमीन, राहते घर आणि सहकारी संस्थांचे भाग पूर्णपणे वगळून, काही कोटींच्या वरच्या वारसा मिळकतीवर केंद्राने कर बसवावा, आणि रोजगार हमीसारखे नाव लावून तो पैसा वृद्ध, निराधार व असंघटित मजुरांच्या पेन्शनलाच वापरावा, अशी शिफारस या सभेने शासनाकडे करावी. किती कोटी, यावर सभेत खुशाल भांडावे. सूचक आम्ही आहोत, अनुमोदक हवा आहे.