टिळकांचा दरबार, रमाबाईंचा छापखाना

प्रति,
चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या महाराष्ट्रातील धर्मप्रांतांचे बिशप व समित्या यांस,



रेव्ह. नारायण वामन टिळकांची गीते गायल्याशिवाय मराठी मंडळीची उपासना क्वचितच सरते. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनशी असलेले पगारी नाते तोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एका पंक्तीला बसू शकत होते. येशूवर श्रद्धा ठेवायची तर परक्या मिशनच्या ओसरीवरूनच आत जावे लागते, हे त्यांना सलत होते. कीर्तनात अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताचे चरित्र सांगणाऱ्या माणसाला ते सलणारच.

पण ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, ते पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. दरबाराला मात्र तसा वारस लाभला नाही. गीते जगली ती मंडळ्यांनी छापली आणि दर रविवारी म्हटली म्हणून.

श्रद्धावंताला चर्चची सत्ता हवीच कशाला, असे आज पुष्कळ तरुण विचारतात. प्रार्थना घरी करता येते, बायबल हातात आहे, मग पाळक, समिती, बिशप कशासाठी? या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना दटावणे चुकीचे आहे. त्यांनी पंडिता रमाबाईंकडे पाहावे, आणि आपणही पाहावे.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पुढे तिथल्या मठातल्या भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो आज वाचतानाही अंगावर येतो. त्रैक्याचा सिद्धांत केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारायला त्या तयार नव्हत्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले, तेव्हा त्या निर्णयामागचे कारण त्यांनी विचारले. हिंदू धर्मशास्त्राच्या सत्तेतून सुटून आलेली ही बाई दुसऱ्या सत्तेपुढे मान तुकवायला आली नव्हती.

तरीही त्या एकट्या राहिल्या नाहीत. केडगावला त्यांनी ‘मुक्ती’ उभारली. दुष्काळात उपाशी पडलेल्या मुलींना तिथे आणले, शिकवले, कामाला लावले. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, आणि त्याचे खिळे जुळवण्याचे काम तिथल्या छापखान्यात मुलींनी केले. शाईने बोटे काळी झालेल्या ज्या मुलींना अक्षरओळखही नव्हती, त्या अक्षरांचे खिळे ओळखू लागल्या. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशन आजही चालू आहे. विवेकावर हुकूम चालवणारी सत्ता रमाबाईंनी नाकारली. काम पुढे नेणारी संस्था त्यांनी स्वतःच घडवली.

आपल्या चर्चचा जन्मही हुकमाने नव्हे, समजुतीने झाला. चार दशकांच्या वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र आली. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि प्रौढांचाच मानणारे, दोघांनीही एकमेकांना सामावून घेतले. हे कोणा एका भक्ताला घरी बसून साधले नसते.

त्याच एकीकरणातून मिळकतींचे दावेही निघाले. गुजरातमधील ब्रदरन चर्चच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उपासनेत एक झाल्याने सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली मालमत्ता आपोआप हस्तांतरित होत नाही, असे न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले. जमिनीचा कागद कोणाच्या नावावर, यावर वर्षानुवर्षे खटले चालतात, तेव्हा बाकावर बसलेल्या विधवेला आपल्या अर्पणाचे काय झाले हे विचारायचा हक्क वाटला पाहिजे.

म्हणून धर्मप्रांताच्या पुढील सभेत दोन ठराव यावेत. पहिला हिशेब आणि मिळकतींबद्दल. प्रत्येक मंडळीचा व धर्मप्रांताचा वार्षिक हिशेब आणि मिळकतींची यादी मराठीत छापून सभासदांच्या हाती द्यावी. जमीन विकण्याआधी तिथल्या मंडळीची सभा बोलवावी. दुसरा ठराव टिळकांच्या दरबाराबद्दल. बाप्तिस्मा न घेता येशूला भजणारी माणसे आपल्या गावोगावी आहेत. त्यांना वाचन, भजन, सेवा यांत कुठली जागा द्यायची, हे पाळकांबरोबर स्त्रिया, तरुण आणि स्वतः ही माणसे यांना बसवून ठरवावे. चर्चेला सातारा हे ठिकाण निवडता आले तर फार बरे.

आपला,
मराठी मंडळीतील एक सभासद