गाडी मंगळवारसाठी घ्या

हल्ली आमच्याकडे (म्हणजे आयटीत, म्हणजे पुण्याच्या पश्चिम टोकाला) पंधरा-सोळा वर्षं नोकरी झालेल्या सीनियर मंडळींमध्ये एक चर्चा जोरात असते. ऑनसाइट झालं, फ्लॅट झाला, दुसरा फ्लॅटही झाला. आता 'मोठी गाडी'. मोठी म्हणजे मर्सिडीज जीएलसी, बीएमडब्ल्यू एक्स-३ वगैरे. गाडी ठरायला एक वीकएंड पुरतो. त्यानंतरचा प्रश्न मात्र महिनोन्‌महिने चघळला जातो: पेट्रोल घेऊ की डिझेल?

मग एक्सेल शीट उघडते. आपण इंजिनीअर लोक, एक्सेल शीटशिवाय लग्नसुद्धा ठरवत नाही. आणि मी पडलो मेकॅनिकल शिकून जावा लिहिणारा, त्यामुळे शीट फिरत फिरत माझ्याकडे येते. मला ही गाडी परवडायला अजून बरीच अप्रेझल्स जावी लागतील, तो भाग वेगळा. पण मत द्यायला कुठे पैसे लागतात?

तर माझं मत आधीच सांगून टाकतो. इंजिन निवडताना लोक लडाखचा विचार करतात, गोव्याचा विचार करतात, आणि मंगळवारचा विचार करत नाहीत. लडाख दहा वर्षांतून एकदा. मंगळवार वर्षातून बावन्न वेळा. बाणेर ते हिंजवडी, भूमकर चौकात पहिला-दुसरा गिअर, एसी चालू, परत येताना तेच. इंजिन त्या मंगळवारसाठी निवडायचं असतं.

आधी एक्सेल शीटच घेऊ, कारण बहुतेकांच्या शीटमध्ये एक ओळ कमी असते.

दुसऱ्या पिढीची जीएलसी ऑगस्ट २०२३ मध्ये भारतात आली तेव्हा पेट्रोलची (जीएलसी ३००) एक्स-शोरूम किंमत ७३.५ लाख होती आणि डिझेलची (जीएलसी २२०डी) ७४.५ लाख. फरक फक्त एक लाख! जानेवारी २०२५ मध्ये नवीन एक्स-३ आली तेव्हा पेट्रोल ७५.८ लाख, डिझेल ७७.८ लाख. दोन लाख. पुढे किमती बदलल्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही बदलला, पण मुद्दा तोच राहतो: एवढ्या मोठ्या रकमेत हा फरक किरकोळ दिसतो आणि माणूस म्हणतो, 'लाखभरात डिझेल मिळतंय, घेऊन टाका.'

राहिलेली ओळ म्हणजे आरटीओ. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या २० लाखांवरच्या गाडीला पेट्रोल असेल तर १३ टक्के कर आणि डिझेल असेल तर १५ टक्के. म्हणजे जीएलसीच्या त्या किमतींवर पेट्रोलला साधारण ९.५५ लाख आणि डिझेलला ११.१७ लाख. एक लाखाचा फरक रस्त्यावर येईपर्यंत २.६२ लाखांचा झाला.

आता इंधन. हिशोबासाठी पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९० रुपये धरा. अ‍ॅव्हरेज पेट्रोलचं १० आणि डिझेलचं १४ धरा (कंपनीचे आकडे याहून बरेच जास्त असतात, पण कंपनीवाले भूमकर चौकात टेस्ट करत नाहीत). वर्षाला १०,००० किमी चालवली तर पेट्रोलचा खर्च १,०५,००० आणि डिझेलचा सुमारे ६४,०००. बचत ४१,०००. म्हणजे ते २.६२ लाख वसूल व्हायला सहा वर्षांहून जास्त. यातले किती जण गाडी सहा वर्षं ठेवतात? ईएमआय संपत आला की पुढचं मॉडेल खुणावायला लागतं.

ईएमआयवरून आठवलं. समजा गाडीवर ६० लाखांचं कर्ज काढलं, ९ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता येतो सव्वा लाखाच्या जरासा आत. त्यातलं पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज किती? ४५,००० रुपये! म्हणजे डिझेल घेऊन वर्षभरात जे वाचवलं, ते एका महिन्याच्या व्याजाइतकंही नाही. पाच वर्षांचं एकूण व्याज पावणेपंधरा लाखांच्या आसपास जातं. आणि आपण भांडतोय कशावर, तर लिटरमागे पंधरा रुपयांवर.

म्हणून मला वाटतं, या किमतीच्या गाडीत 'डिझेल परवडतं' हे वाक्यच शीटमधून काढून टाकावं. परवडण्याचा प्रश्न गाडी घ्यायची की नाही, कर्ज किती काढायचं, इथे सुटतो किंवा बिघडतो. इंजिनाचा प्रश्न आपल्या रस्त्याचा आहे.

इथे दुसरा नेहमीचा मुद्दा येतो: 'पण डिझेलला टॉर्क असतो ना रे!' घाटात पाय दाबला की गाडी कशी ओढते, वगैरे. पूर्वी हे शंभर टक्के खरं होतं. तेव्हा पेट्रोल इंजिनांना टर्बो क्वचित असायचा आणि डिझेलला असायचा, म्हणून तुलनाच विषम होती. आता दोघांनाही टर्बो आहे. जीएलसीचंच बघा. डिझेलचा टॉर्क ४४० न्यूटन-मीटर, १८०० आरपीएमपासून. पेट्रोलचा ४००, २००० आरपीएमपासून. त्यात दोन्हीला ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड मोटर आहे, जी सिग्नलवरून निघताना मदत करते. ताकद मात्र पेट्रोलची २५८ हॉर्सपॉवर आणि डिझेलची १९७. शून्य ते शंभर पेट्रोल ६.२ सेकंदांत, डिझेल ८ सेकंदांत. खंबाटकी चढायला दोन्ही गाड्या पुरून उरतात.

मग फरक पडतो कुठे? तर एक्झॉस्टमध्ये. आणि याबद्दल शोरूममधला पोरगा स्वतःहून एक अक्षर बोलत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. त्यानंतरच्या डिझेल गाडीत डीपीएफ नावाचा एक फिल्टर असतो. डिझेल जळताना जी काजळी तयार होते ती हा फिल्टर अडवतो. पण अडवलेली काजळी जाणार कुठे? ती तिथेच जाळावी लागते. त्यासाठी एक्झॉस्टचं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं. हायवेवर गाडी पळत असली की हे काम विनासायास होतं. मंगळवारी होत नाही, कारण मंगळवारी गाडी पळतच नाही. मग फिल्टर भरत आला की इंजिनाचा कंप्युटर थोडं जास्तीचं डिझेल मारून मुद्दाम तापमान वाढवतो. याला पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं हवं असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण ऑफिसच्या पार्किंगमध्ये शिरून इंजिन बंद करतो. काम अर्धवट. उद्या पुन्हा सुरुवात. असं वारंवार झालं की ते जास्तीचं डिझेल थोडं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागतो.

दिवा लागला म्हणजे गाडी मेली असं नाही. पहिल्यांदा लागला तर एक्स्प्रेस-वेवर अर्धा तास फिरवून आणलं की बहुतेक वेळा विझतो. पण विचार करा, ऐंशी लाखांची गाडी, आणि तिला कुत्र्यासारखं दर रविवारी फिरवून आणायचं! तेही नाही जमलं तर वर्कशॉप, आणि फिल्टर बदलायची वेळ आली तर बिल लाखांत जाऊ शकतं. शिवाय बहुतेक मोठ्या डिझेल गाड्यांत अ‍ॅडब्लूची वेगळी टाकी असते. हे म्हणजे पाण्यात मिसळलेला ३२.५ टक्के युरिया. एक्झॉस्टमधल्या नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात करायला तो लागतो. ही टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली तर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. भरायला अवघड काही नाही, पण माहीत तर पाहिजे.

यातून सुटायचा एक 'जुगाड'ही आहे, आणि त्याबद्दल मला खरंच राग येतो. फिल्टर काढून टाकायचा आणि सॉफ्टवेअर बदलून कंप्युटरला सांगायचं, सगळं ठीक आहे. फेल होणारी टेस्ट कमेंट आउट करून बिल्ड हिरवा दाखवण्यातला हा प्रकार. फरक एवढाच की इथे बग प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर तो बसस्टॉपवर उभ्या असलेल्या शाळेतल्या पोराच्या फुप्फुसात जातो. आणि हे फक्त गल्लीतले गॅरेजवाले करतात असंही नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगन पकडली गेली ती याच जातीच्या सॉफ्टवेअरमुळे: टेस्ट चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या! कुणीतरी आपल्यासारख्याच माणसाने तो कोड लिहिला असणार, कुणीतरी रिव्ह्यूही केला असणार.

तिसरा मुद्दा नियमांचा. आमच्या क्षेत्रात आज पुण्यात असलेला माणूस दोन वर्षांनी गुडगावला असू शकतो, म्हणून दिल्लीचा इतिहास माहीत असलेला बरा. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली. पेट्रोलची मर्यादा मात्र पंधरा वर्षं. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे २००० सीसी आणि त्यावरच्या नव्या डिझेल गाड्यांची नोंदणीच थांबवली. महिंद्राने लगेच १.९९ लिटरचं इंजिन काढलं (याला म्हणतात स्पेसिफिकेशन नीट वाचणं). ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्क लावून ती बंदी उठली. जुन्या गाड्यांची मर्यादा न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांना कारवाईतून दिलासा दिला. आज नवीन गाडी घेणाऱ्याला थेट धोका नाही. पण या दहा वर्षांत प्रत्येक वेळी आधी कुणाची मान पकडली गेली ते बघा. सेकंडहँड घेणारा हे बघतो आणि त्याप्रमाणेच भाव लावतो. कंपन्यांनीही आपलं मत दिलेलं आहे. ऑडीने बीएस-६ आल्यावर भारतात डिझेल बंद केलं, आणि व्होल्वोने मार्च २०२४ मध्ये आपली शेवटची डिझेल गाडी बनवली.

मग डिझेल कुणीच घेऊ नये का? अजिबात असं नाही. ज्याचा मंगळवारच वेगळा आहे त्याने जरूर घ्यावं. कुणाचा कारखाना चाकणला आणि गिऱ्हाईक कोल्हापूर-बेळगावला, कुणी दर आठवड्याला नाशिक किंवा सोलापूर करतो, वर्षाला २५,००० किमी सहज. त्याचे २.६२ लाख अडीच वर्षांच्या आसपास वसूल होतात, फिल्टर आपोआप साफ राहतो, टाकी भरली की सातशे-आठशे किलोमीटर बघायला नको. अशा माणसाला डिझेलइतकं शांत, दमदार इंजिन दुसरं नाही.

आणि पेट्रोल म्हणजे धुतल्या तांदळासारखं, असंही नाही. ट्रॅफिकमध्ये अ‍ॅव्हरेज सात-आठवर आलं की जीव हळहळतो. त्यात आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांचा फटका गणितानेच बसतो. पण पेट्रोल इंजिन रोज नऊ किलोमीटर रांगलं तरी रुसून बसत नाही. तुम्ही थोडे पैसे जास्त देता आणि डोक्याचा ताप वाचवता.

इलेक्ट्रिकचं नाव घेतलं नाही तर तरुण मंडळी रागावतील. खरं सांगायचं तर मंगळवारसाठी सगळ्यात योग्य तीच. अशा मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के जीएसटी आणि इलेक्ट्रिकला ५ टक्के. याच सवलतीच्या जोरावर बीएमडब्ल्यूने जानेवारी २०२५ मध्ये लांब व्हीलबेसची आयएक्स-१ ४९ लाखांत आणली, म्हणजे साध्या एक्स-१ च्या पंगतीत. अट एकच: रात्री चार्जिंगला स्वतःचं पार्किंग आणि स्वतःचा मीटर हवा. आणि हा प्रश्न इंजिनीअरिंगचा नसून सोसायटीच्या मीटिंगचा आहे. तिथे मेकॅनिकलची डिग्री कामाला येत नाही. :)

तर बुकिंगची रक्कम भरायच्या आधी दोन गोष्टी करा. एक, मागच्या बारा महिन्यांत सध्याच्या गाडीचं मीटर किती पुढे गेलं ते बघा, आणि त्यातले हायवेचे किलोमीटर वेगळे काढा. 'आता नवीन गाडी आली की खूप फिरणार आहे' हे धरू नका. नवीन ट्रेडमिल आणतानाही आपण हेच म्हणालो होतो. दोन, टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. शोरूमवाल्याला सांगा, मंगळवारी सकाळी साडेनऊला घरी गाडी पाठव, मी ऑफिसपर्यंत नेतो. तो जरा कुरकुर करेल, पण ऐंशी लाखांचं गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर पाठवेल.