दारावरचा कोट

थाटाच्या हॉटेलच्या दाराशी सोनेरी बटणांचा लांब कोट घातलेला, झुपकेदार मिशांचा दरवान उभा दिसला, की आपण बायका नकळत पदर सारखा करतो, नाही का? त्याने सलाम ठोकून दार उघडलं की कसं बरं वाटतं! तो सलाम आपल्याला असतो. आपला मनातल्या मनातला सलाम मात्र त्याच्या कोटाला असतो.

अशा पोशाखाला इंग्रजीत ‘लिव्हरी’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘दिलेलं’. युरोपातले सरदार आपल्या चाकरांना घराण्याच्या रंगांचे कपडे देत, त्यावरून तो आला. आपल्याकडे तरी काय निराळं? पट्टा घालणारा तो पट्टेवाला, भाला धरणारा तो भालदार, काठी धरणारा तो चोपदार. नाव वस्तूचं, माणसाचं नाहीच!

पण दिलेलं परत घेतलं तर?

नेमक्या याच गोष्टीवर मुर्नाव या दिग्दर्शकाने १९२४ साली जर्मनीत एक मूकपट काढला. मूळ नावाचा अर्थ ‘शेवटचा माणूस’. इंग्रजीत मात्र तो ‘द लास्ट लाफ’ झाला. एमिल यानिंग्ज तेव्हा जेमतेम चाळिशीचा, पण थकलेला म्हातारा दरवान त्याने असा उभा केलाय की बघत राहावं. बड्या हॉटेलच्या दारावरचा हा दरवान राहतो आपल्या चाळीसारख्याच वस्तीत. संध्याकाळी कोट घालून घरी आला की सगळी चाळ त्याला मान देते, आणि तोही एखाद्या सेनापतीच्या ऐटीत सलाम घेतो.

एक दिवस जड ट्रंक उचलून तो जरा दम खात बसतो. मॅनेजर पाहतो. दुसऱ्या दिवशी दारावर नवा माणूस! म्हाताऱ्याच्या अंगावरचा कोट उतरवला जातो आणि त्याला तळघरातल्या स्वच्छतागृहात टॉवेल द्यायला बसवतात. घरात तर लग्न! बिचारा रात्री कोट चोरतो आणि तो घालूनच लग्नघरी जातो. पुढे कामावर जाताना कोट स्टेशनवर सामान ठेवायच्या जागी ठेवायचा, येताना पुन्हा अंगावर चढवायचा. पगार गेला त्यापेक्षा चाळीत कळेल याची धास्ती मोठी.

आणि कळतं कोणामुळे? व्याह्यांकडची एक बाई मायेने त्याला गरम जेवण घेऊन हॉटेलात जाते, तिच्यामुळे! मग काय, या गॅलरीतून त्या गॅलरीत कुजबुज, खिदळणं. मी सिनेमा पाहताना मॅनेजरवर फारशी चिडले नाही, मॅनेजर असेच असतात. त्या खिदळणाऱ्या बायकांनी मात्र मला अस्वस्थ केलं. (आपल्या सोसायटीच्या सभेत वॉचमनच्या गणवेशाच्या रंगावर अर्धा तास चर्चा होते, मे महिन्यात ते कापड अंगाला कसं लागेल, हे कोणी विचारतं?)

संपूर्ण चित्रपटात मधे झळकणारी लेखी पाटी एकच. ती सांगते, की खरं तर गोष्ट इथेच संपायची, पण लेखकाला दया आली. मग म्हाताऱ्याला एका कोट्यधीशाचा वारसा मिळतो, मेजवानी झडते. मला विचाराल तर ती पाटी यायच्या आधी उठावं. तिथे हॉटेलचा रात्रीचा पहारेकरी कंदील घेऊन तळघरात येतो आणि कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावर स्वतःचा साधा कोट पांघरतो.