शरीराची फ्रेंच, मराठीच्या वाटेने

फ्रेंचमध्ये डोक्याला ‘तेत’, नाकाला ‘ने’ आणि हाताला ‘मँ’ म्हणतात. पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्रांसेझमध्ये फ्रेंच शिकणाऱ्यांच्या वहीत हे शब्द लवकरच येतात. बहुतेक मराठी मुले ते इंग्रजी अर्थासकट पाठ करतात. अवयवांच्या बाबतीत तरी हा वळसा घेऊ नये.

मराठीत ‘हात धुतले’ एवढे पुरते. कोणाचे, ते वेगळे सांगावे लागत नाही. फ्रेंच वाक्यही तसेच आहे: ‘झ म लाव्ह ले मँ’. त्यात ‘माझे’ नाही. इंग्रजीतून येणारा विद्यार्थी तिथे हमखास ‘माझे’ घुसडतो. निर्जीव वस्तूंच्या लिंगाचेही मराठी माणसाला नवल नाही. तो हात, ती मान, ते नाक हे तो लहानपणापासून बोलतो. फ्रेंचमध्ये लिंगे दोनच. पण हात तिथे स्त्रीलिंगी, ‘ला मँ’, आणि नाक पुल्लिंगी, ‘ल ने’. म्हणून शब्द नेहमी ‘ल’ किंवा ‘ला’सकट पाठ करावा.

सरावाला जागा हवी तर रांजणगावचा महागणपती आहे. मूळ मूर्तीला दहा सोंडा आणि वीस हात असल्याची आख्यायिका तिथे सांगतात. फ्रेंचमध्ये ते ‘दी त्रोंप, व्हँ मँ’ होईल. ‘व्हँ’ आणि ‘मँ’ यांतला स्वर एकच, निव्वळ अनुनासिक. शेवटी ‘न’ ऐकू येता कामा नये.

खरी गफलत दुखण्यात होते. ‘माल आ ला तेत’ म्हणजे डोकेदुखी, ‘माल ओ व्हाँत्र’ म्हणजे पोटदुखी. ‘कर’ म्हणजे हृदय, पण ‘माल ओ कर’ म्हणजे छातीतली कळ नव्हे, मळमळ. डॉक्टरसमोर हा फरक फार मोठा आहे.

वाक्प्रचार मात्र मराठी कानाला ओळखीचे वाटतात. ज्याचे हात वरपर्यंत पोचलेले, त्याचा बाहू फ्रेंचमध्ये ‘लांब’ असतो. मराठी माणसाच्या पोटात कावळे ओरडतात, तेव्हा फ्रेंच माणसाचे पोट टाचेत उतरलेले असते.

बोटांची नावे सर्वांत लोभस. मराठीत जी अनामिका, तिला फ्रेंचमध्ये अंगठीवरून ‘आन्युलेर’ हे नाव मिळाले. करंगळी कानात जाते म्हणून ती ‘ओरिक्युलेर’, म्हणजे कानाची. अंगठा ‘पूस’, इंचालाही फ्रेंचमध्ये हाच शब्द आहे.