टॉवर स्पीकर आणि मापातले पाप

नवे घर बांधले की दिवाणखाना ऐसपैस ठेवण्याकडे आपल्या लोकांचा कल असतो. पाहुणे, निकाहाच्या बैठका, रमजानमधील इफ्तार, सर्व काही तिथेच होते. मग सोफा येतो, झुंबर येते आणि हल्ली जमिनीवर उभे राहणारे, कमरेएवढ्या उंचीचे दोन टॉवर स्पीकरही येतात. घरात तिलावत, नात, बातम्या चांगल्या आवाजात ऐकू याव्यात, यात मला गैर काही वाटत नाही. गैर वाटते ते वेगळेच. सौद्यात केस पांढरे केलेला व्यापारीसुद्धा ही वस्तू घेताना खोक्यावरचा आकडा वाचतो आणि मुकाट पैसे मोजतो.

माझ्या एका नातेवाइकाने १८ बाय २५ फुटांच्या हॉलसाठी असाच एक संच आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ५००० वॅट लिहिलेले. घरी लावला तेव्हा आवाज वाढवला की फाटायचा आणि शब्द कळायचे नाहीत. दुकानदाराने हात वर केले.

त्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' असे लिहिलेले होते. म्हणजे क्षणभरासाठी, कागदावर काढलेली जास्तीत जास्त ताकद. ती मोजण्याची सर्वमान्य रीत नाही. ज्याला हवा तो आकडा त्याने छापावा. खरी चौकशी करायची ती 'आरएमएस' वॅटची, म्हणजे जी ताकद सतत मिळते तिची. आम्हा कापडवाल्यांना हे समजायला वेळ लागू नये. खळ भरलेले कापड हाताला जाड लागते आणि पहिल्या धुण्यात त्याची जाळी होते. पीएमपीओ ही वॅटची खळ आहे.

ही खळ ओळखण्याची साधी युक्ती आहे. ज्या संचात अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, त्याच्या मागच्या पट्टीवर तो वीज किती खातो ते बहुधा लिहिलेले असते. ६० वॅट खाणारे यंत्र ५००० वॅट सतत देईल कुठून? जमा ६० आणि खर्च ५०००, असा जमाखर्च कोणता मुनीम मान्य करील?

अ‍ॅम्प्लिफायर वेगळा घेणार असाल तर स्पीकरची 'सेन्सिटिव्हिटी' विचारा. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, ते हे माप. ८५ आणि ८८ डेसिबल यांत फरक तीनचाच दिसतो, पण तेवढाच आवाज काढायला ८५ वाल्याला दुप्पट वॅट लागतात. मोठ्या हॉलमध्ये बसणारा लांब असतो, म्हणून तिथे हे माप जास्त महत्त्वाचे. तसेच स्पीकर ४ ओहमचा की ८ चा, आणि आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला तो चालतो का, हे आधी पाहावे. एरवी साध्या ऐकण्याला थोडेच वॅट लागतात. बाकीची ताकद एकदम चढणाऱ्या आवाजासाठी राखीव असते.

दुकानात खोक्याच्या बाजूला बोटाने ठोकून पाहा. रिकाम्या डब्यासारखे वाजले तर लाकूड पातळ आहे. ओळखीच्या कारीची तिलावत सोबत न्या. सीन आणि शीन ही अक्षरे शिट्टीसारखी कानाला टोचू नयेत, आणि आवाज माणसाच्या छातीतून यावा, पिंपातून नव्हे. पडद्याभोवतीची कड रबराची आहे की फोमची तेही विचारा. आपल्या दमट हवेत फोम काही वर्षांत भुगा होतो.

निम्मा सौदा मात्र घरात ठरतो. आपल्या हॉलमध्ये खाली फरशी, भिंती सिमेंटच्या, खिडक्या काचेच्या. मधोमध उभे राहून टाळी वाजवा. ती घुमली तर महाग स्पीकरही घुमणार. स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड गालिचा टाका. पडदे दाट विणीचे आणि भरपूर चुण्यांचे लावा. पातळ पॉलिस्टरचा उपयोग नाही. माझा धंदा कापडाचा आहे म्हणून सांगत नाही, कारण खालच्या पट्टीचा घुमारा पडद्याने जात नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून काढून मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणावे लागतात. याला पैसा लागत नाही. दोन स्पीकर आणि बसणारा यांचा साधारण सम त्रिकोण झाला की पुरे.

या मापाचा आणखी एक हक्कदार आहे, तो म्हणजे शेजारी. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला कायद्याने शिकवावा लागू नये.

शेवटी एक कडू गोष्ट. त्या नातेवाइकाने मला विचारले, "मामू, तुम्ही तरी मीटर ताणून मोजत नाही ना?" मी हसलो, पण दुकानात येऊन गप्प बसलो. खळीचे थान 'जाड माल' म्हणून आम्हीच विकतो, चाळीस टक्के सुताला 'कॉटन' आम्हीच म्हणतो. मापात कमी करणाऱ्यांसाठी कुरआनात एक पूर्ण सूरा, सूरे मुतफ्फिफीन, आहे. तिच्यात स्पीकरवाले वेगळे आणि कापडवाले वेगळे असा भेद नाही. दुसऱ्याच्या खोक्यावरचा आकडा तपासायला शिकलो, तर आपल्या थानावरची चिठ्ठीही त्याच नजरेने वाचावी. बरकत तिथूनच सुरू होते.